पेपर नॅपकिनची फुलं: घडी दोन मिनिटांची, उलगडणं दहा मिनिटांचं

महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि त्या वर्षी आमच्या घरात गणपतीच्या आरासीचा प्रश्न पहिल्यांदाच खरोखर उभा राहिला. तोपर्यंत बाजारातून तयार मखर आणलं की काम संपायचं. त्या वर्षी आम्ही पेपर नॅपकिनची पाकिटं आणली, बांबूची एक चौकट उभी केली आणि ती कागदी फुलांनी भरली. तेव्हापासून दरवर्षी तेच करतो. ही फुलं मला मनापासून आवडतात. ती स्वस्त आहेत आणि लहान मुलांपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या हातांना काम देतात. जपून ठेवली तर तीन-चार वर्षं टिकतातही.

ज्यांनी आजवर कागदाचं एकही फूल केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक साधं भरगच्च फूल अगदी सावकाश सांगणार आहे, कारण ते जमलं की निम्मी आरास झाली. त्यानंतर झेंडू, पिळाचा गुलाब आणि जास्वंद.

मला हे काम मावशीने शिकवलं. तिच्या काळात ती पतंगी कागदाची फुलं करायची, शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाहीतर लग्नघरी. घडी घालताना ती एकीकडे गप्पा मारायची, "साडीच्या निऱ्या घालतो तशाच घालायच्या रे, शेवटची निरी पहिलीएवढीच हवी." पण पाकळ्या सोडवायला घेतल्या की तिचं बोलणं थांबायचं. ती का गप्प होते, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. घडी कुणालाही घालता येते. फूल तयार होतं ते उलगडताना, आणि तिथे घाई केली की आधीची सगळी मेहनत फुकट जाते. या लेखात दुसरं काहीही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

कागद कोणता घ्यायचा

पेपर नॅपकिन एकपदरी, दोनपदरी आणि तीनपदरी असे मिळतात. पाकिटावर टू प्लाय, थ्री प्लाय असं लिहिलेलं असतं, ते हेच. शिकायला दोनपदरी घ्या. एकपदरीचं फूल बारीक आणि मरतुकडं दिसतं, तर तीनपदरीची घडी नवख्या हाताला जाड पडते. आकार शक्यतो उघडल्यावर ३० × ३० सेंटीमीटर असलेला बघा. हाच नॅपकिन सगळीकडे मिळतो. पाकिटात तो चौघडी घातलेला, म्हणजे १५ × १५ सेंटीमीटरचा असतो.

रंगीत टिश्यू पेपर स्टेशनरीच्या दुकानात तावाने मिळतो. ताव साधारण ५० × ७० सेंटीमीटरचा असतो. नॅपकिनपेक्षा तो गुळगुळीत आणि कडक असल्यामुळे मोठ्या लटकत्या फुलांसाठी उत्तम. मात्र पाणी लागलं की त्याचा रंग सुटतो. एका वर्षी आम्ही गडद गुलाबी टिश्यूची फुलं पांढऱ्या चादरीच्या पडद्यावर टाचली होती. खिडकी उघडी राहिली, रात्री पावसाची झड आत आली आणि सकाळी चादरीवर गुलाबी ओघळ उतरलेले. ते डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत. तेव्हा गडद टिश्यूची फुलं खिडकीपासून लांब लावा आणि त्यांच्या मागे पांढरं कापड नको.

चेहरा पुसायचे मऊ टिश्यू मोगरा, शेवंती अशा पांढऱ्या लहान फुलांना छान. टॉयलेट रोलच्या वाटेला जाऊ नका. तो कागद पाण्यात लवकर सुटा व्हावा म्हणूनच तसा बनवलेला असतो, घामेजलेल्या बोटांनीही तुटतो. क्रेप पेपर, म्हणजे बारीक चुण्यांचा ताणता येणारा कागद, हवाच असं नाही, पण जास्वंदीसाठी लाल क्रेपचा एखादा ताव आणून ठेवा.

बाकी सामान घरातलंच. धारदार कात्री (बोथट कात्री कागद चावते आणि कडा लोंबत राहतात), शिवणाचा दोरा, मोजपट्टी, पेन्सिल, कपडे वाळत घालायचे दोन-तीन चिमटे, थोडी बारीक तार, फेव्हिकॉल आणि ते लावायला काडेपेटीतली काडी. फेव्हिकॉल थेट बाटलीतून लावायचा नाही. ओला ठिपका मोठा पडला की टिश्यू तिथेच विरघळल्यासारखा होतो. पूर्वी घरोघरी मैद्याची खळ शिजवत, ती आजही चालते. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. बाइंडर लोक किडीसाठी खळीत मोरचूद घालत. तुम्ही घालू नका, ते विषारी असतं आणि या कामाला घरातली मुलं बसलेली असतात.

पहिलं फूल: साधं, भरगच्च

एका फुलाला दोन नॅपकिन. पांढरे घ्या. पांढऱ्यावर चुका स्पष्ट दिसतात, म्हणून हात लवकर बसतो.

१. नॅपकिन उघडू नका. चौघडीच्या दोन बाजू बंद असतात, म्हणजे तिथे कागद दुमडलेला असतो, आणि दोन बाजू मोकळ्या. बंद बाजूंची दुमड कात्रीने जेमतेम कापून टाका. एका नॅपकिनचे चार चौकोन सुटे होतील, दोघांचे आठ.

२. आता मोकळ्या बाजू बघा. तिथे बारीक ठिपक्यांची किंवा वेलीची नक्षी दाबलेली असते. ती केवळ शोभेची नसते. दोन पदर एकमेकांना धरून राहावेत म्हणून ती दाबलेली असते. तीही अर्धा-पाऊण सेंटीमीटर कापून टाका. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग पाकळ्या सोडवताना पदर सुटत नाहीत, नेमके तिथेच फाटतात. नक्षी काढल्यावर आठ चौकोनांत एकूण सोळा पातळ पदर तुमच्या हातात असतात. फुलाचा भरगच्चपणा या सोळांमधून येतो.

३. आठही चौकोन कडेला कड जुळवून एकावर एक ठेवा. एका कडेपासून निऱ्या घालायला सुरुवात करा: एक घडी वर, एक खाली, हातपंख्यासारखी. निरीची रुंदी दीड सेंटीमीटर. पहिल्यांदा करताना पेन्सिलीने हलक्या खुणा करून घ्या. प्रत्येक घडी नखाने न दाबता बोटाच्या पेराने दाबा, नखाने कागद चिरतो. शेवटी नऊ-दहा निऱ्यांची एक अरुंद पट्टी तयार होईल. ती सुटू नये म्हणून दोन्ही टोकांना चिमटे लावा.

४. पट्टीचा मध्य काढा. मध्यावर दोन्ही कडांना दोन मिलिमीटरची छोटी खाच द्या. दोरा तिथे बसतो आणि घसरत नाही. दोरा दुहेरी घेऊन दोन वेढे द्या आणि गाठ मारा. पट्टीची कंबर किंचित आवळलेली दिसली पाहिजे, तेवढंच. जास्त ओढलात तर दोरा कागद कापतो, सैल ठेवलात तर पाकळ्या उपटून हातात येतात. दोऱ्याची टोकं वीतभर लांब ठेवा, फूल चौकटीला बांधताना ती लागतात.

५. आता पट्टीच्या दोन्ही टोकांना आकार द्या. गोल कापलंत तर फूल मऊ, डेलियासारखं दिसतं. टोकदार कापलंत तर कमळाच्या पाकळीचा भास होतो. मधोमध छोटी खाच दिलीत तर पाकळीचं टोक दुभंगतं. दोन्ही टोकं सारखीच कापा.

६. रंगाची कड हवी असेल तर ती आत्ता, घडी मिटलेली असतानाच लावायची. कापलेल्या टोकांवरून स्केचपेन एकदा हळूच फिरवा. सोळाही पदरांच्या कडांना एकाच वेळी रेघ लागते आणि थोडी आत पसरते. उलगडल्यावर प्रत्येक पाकळीला स्वतंत्र किनार दिसते. पूर्ण वाळू द्या, मगच पुढे जा.

उलगडणं

हात कोरडे करा. भाद्रपदात बोटं घामेजलेली असतात, चिमूटभर पावडर लावून झटकून टाका. पंखा बंद करा.

गाठीच्या दोन्ही बाजूंचे पंखे पसरवा, म्हणजे दोन अर्धवर्तुळं समोरासमोर येतील. डाव्या हाताने गाठ खालून धरा. शेवटपर्यंत हा हात सोडायचा नाही.

उजव्या हाताने सगळ्यात वरचा एकच पदर पकडायचा आहे. तो टोकाशी पकडू नका. बोट आणि अंगठा पाकळीच्या बुडाशी, गाठीपासून साधारण बोटभर अंतरावर न्या आणि तिथून तो पदर मधल्या बाजूला उभा करा. ओढायची दिशा आकाशाकडे ठेवू नका, मध्याकडे ठेवा. टोक धरून वर ओढलं की पदर चरकन फाटतो, बुडातून मध्याकडे लोटला की आपण होऊन उभा राहतो. दोन पदर एकमेकांना चिकटलेले असतील तर त्यांच्या कडेवर हलकी फुंकर मारा. वारा मधे शिरला की सुटतात. हे पाहायला इतकं सुंदर असतं की आमच्या घरातली लहान मंडळी फक्त फुंकर मारायला येऊन बसतात.

एका अर्धवर्तुळाचा वरचा पदर उभा केला की लगेच समोरच्या अर्धवर्तुळाचा वरचा पदर. असं आळीपाळीने. एकच बाजू आधी संपवलीत तर फूल एकीकडे कलतं आणि मग ते सरळ करता येत नाही.

पहिले चार पदर मध्याशी अगदी घट्ट, जवळजवळ मिटलेले ठेवा. हा फुलाचा गाभा. पुढचे आठ जरा जरा मोकळे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा बाहेर. शेवटचे चार जवळजवळ आडवे, आणि त्यांतले अगदी खालचे दोन किंचित खाली वाकवलेले. ही उतरंड डोळ्यांना कळते. सगळेच पदर सारखे उभे केले तर फूल बाटली धुवायच्या ब्रशासारखं दिसतं.

एखादा पदर कडेला फाटला तर काळजी करू नका, खऱ्या पाकळ्याही कुठे सगळ्या सारख्या असतात. बुडाशी फाटला असेल तर मात्र तेवढा तुकडा अलगद काढून टाका आणि शेजारचा पदर त्या जागी सरकवा.

सोळा पदर नीट सोडवायला पहिल्यांदा दहा मिनिटं सहज लागतात. विसाव्या फुलाला पाच पुरतात, पण पाचाच्या खाली आणायचा प्रयत्न करू नका. तयार फूल तळहाताएवढं, बारा-तेरा सेंटीमीटरचं होतं.

हीच रीत मोठ्या फुलाला. टिश्यूचे आठ ते दहा ताव, निऱ्या साडेतीन सेंटीमीटरच्या, घडीची पट्टी ५० सेंटीमीटर लांब. निम्मे पदर वर आणि निम्मे खाली सोडवले की गोल चेंडू होतो आणि दोऱ्याने छताला टांगता येतो. मोजमापाचा एक सोपा अंदाज सांगतो: निरीची रुंदी पट्टीच्या लांबीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. रुंद निरी म्हणजे मोजक्या, जाड पाकळ्या.

झेंडू

झेंडू लहान हवा आणि त्याच्या पाकळ्या पुष्कळ हव्यात. केशरी किंवा पिवळे दोनपदरी नॅपकिन घेऊन दहा सेंटीमीटरचे सहा चौकोन कापा. निऱ्या एक सेंटीमीटरच्या. मध्यावर बांधा आणि टोकं गोल न कापता त्यांवर एकमेकांच्या जवळ, पाच-पाच मिलिमीटर खोल उभे काप द्या, झालरीसारखे. नागमोडी धारेची कात्री असेल तर तिने टोक कापा, झेंडूच्या पाकळीची दातेरी कड हुबेहूब येते. निम्मे पदर वर, निम्मे खाली सोडवा. शेवटी दोन्ही तळव्यांत हलकेच धरून लाडू वळतो तसं एकदा फिरवा, म्हणजे झालर एकमेकांत मिसळते आणि गोंडा होतो.

तोरण करायचं तर सुईत जाड दोरा ओवून गाठीच्या शेजारून फूल ओवा आणि प्रत्येक फुलाखाली दोऱ्याला एक गाठ मारा, नाहीतर सगळी फुलं घसरत तळाशी गोळा होतात. मधेमधे आंब्याची खरी पानं लावलीत तर ती दोन-तीन दिवसांत सुकतात, तेव्हा बदलून घ्या. फुलं तीच राहतील. गणपतीसाठी केलेलं हे तोरण दसऱ्यालाही चालतं.

पिवळे नॅपकिन मिळाले नाहीत तर पांढरे हळदीच्या पाण्यात रंगवा. कागद बुडवायचा नाही. घडी मिटलेल्या पट्टीचं फक्त टोक पाण्याला टेकवायचं, रंग आपोआप वर चढत जातो आणि बुडाशी पांढरा राहतो. फार मोहक छटा येते. त्याच पाण्यात खायच्या चुन्याचा कण घातला की पिवळ्याचा तांबडा होतो. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणामुळे. वाळायला पूर्ण एक रात्र द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ही फुलं उन्हाच्या खिडकीत लावू नका.

पिळाचा गुलाब

याला दोरा नको, कात्री नको, गोंद नको. मुलांना आधी हाच शिकवा.

अख्खा नॅपकिन उघडा आणि वरची कड चार-पाच सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला दुमडा. दुमडलेली कड वर ठेवून नॅपकिन तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती सैलसर गुंडाळत जा. गुंडाळून झालं की दुमडीच्या जरा खाली, बोटांच्या टोकाशी, दुसऱ्या हाताने चिमटीत आवळा आणि पीळ द्या. इथे फूल संपतं आणि देठ सुरू होतो. बोटं काढून घ्या आणि देठ घट्ट पिळत खाली या. अर्ध्यावर आलात की थांबा. नॅपकिनचा खाली लोंबणारा मोकळा कोपरा शोधा, तो वर ओढून पानासारखा उभा करा आणि त्याच्या खालून पुन्हा पीळ द्यायला लागा. शेवटपर्यंत पिळून झालं की वरच्या पाकळ्यांची कड बोटाने किंचित बाहेर वळवा.

पिळताना हात ढिला पडला की देठ उलगडतो. पीळ नेहमी एकाच दिशेने द्या, मधे हात बदलताना दिशा उलटते आणि सगळं सुटतं, मुलांकडून हमखास हेच होतं. हा गुलाब आरासीपेक्षा हळदीकुंकवाच्या ताटात किंवा वाढदिवसाच्या टेबलावर जास्त शोभतो.

जास्वंद

गणपतीची आरास आणि जास्वंद नाही, हे मला पटत नाही. मात्र हे फूल निऱ्यांनी होत नाही, पाकळी पाकळी जोडून करावं लागतं. म्हणून दहा-बारा साधी फुलं झाल्यावरच याला हात घाला.

आधी एक खरं जास्वंद समोर घेऊन बसा. पाकळ्या पाच. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, अशा त्या गोल फिरत गेलेल्या आहेत. पाकळीला बुडापासून शिरा निघतात आणि वरची कड पाण्यावरच्या लाटेसारखी हलते. मधून एक लांब दांडी बाहेर येते. तिच्या वरच्या भागावर पिवळे परागकोश चिकटलेले आणि अगदी टोकाला पाच लाल ठिपके. हे पाच ठिपके घातले नाहीत तरी कुणी विचारणार नाही, पण घातले की फूल जिवंत वाटतं.

लाल क्रेप पेपरवरच्या चुण्यांची दिशा बघा. पाकळी कापताना चुण्या बुडापासून टोकाकडे, उभ्या गेल्या पाहिजेत. क्रेप चुण्यांना आडवा ताणला जातो. चुण्या उभ्या असल्या तरच पाकळीचं पोट दोन्ही अंगठ्यांनी रुंद करून तिला खोलगटपणा देता येतो. दिशा चुकली तर पाकळी लांब होते, खोल होत नाही.

सात सेंटीमीटर उंच आणि वर सहा सेंटीमीटर रुंद अशा पाच पाकळ्या कापा, बुड दीड सेंटीमीटरचं ठेवा. पोट ताणा. वरची कड बोटांच्या चिमटीत धरून जागोजागी ताणा, लाट आपोआप येते. बुडाशी एक बारीक चूण घाला. दांडीसाठी दहा सेंटीमीटर तारेभोवती लाल टिश्यूची अरुंद पट्टी फेव्हिकॉलचा हलका हात देत तिरकी गुंडाळा. वरच्या तीन सेंटीमीटरवर पुन्हा गोंद लावून पिवळ्या लोकरीचे बारीक कातरलेले तुकडे चिकटवा. काही जण हळदीत घोळवलेला रवा लावतात. दिसतो सुंदर, पण फूल वर्षभर ठेवायचं असेल तर रव्याला कीड लागते. टोकाला लाल लोकरीचे पाच ठिपके.

पाकळ्या दांडीभोवती एकीची कड दुसरीवर चढवत लावा आणि प्रत्येक पाकळीनंतर दोऱ्याचे दोन वेढे द्या. पाचवी पाकळी लावताना तिची सुटी कड पहिलीच्या खाली सरकवा. दोऱ्यावरून हिरव्या क्रेपची पट्टी गुंडाळून देठ झाका. पाच जास्वंदं पुरतात. ती चौकटीच्या वरच्या मध्यावर, जवळजवळ लावा.

किती लागतील आणि कशी लावायची

तीन फूट रुंद आणि चार फूट उंच अशी चौकट धरली तर दोन बाजू आणि वरची कड मिळून अकरा फूट होतात. तळहाताएवढी फुलं एकाला एक टेकवून लावली तर साधारण तीस लागतात, म्हणजे साठ नॅपकिन. रिकाम्या जागा भरायला चाळीसेक झेंडू. एकट्याने करायला घेतलंत तर तीन-चार संध्याकाळी जातात. शक्यतो एकट्याने करू नका. पोर्तुगालमध्ये कांपु मायोर नावाचं गाव आहे, तिथले लोक कागदी फुलांनी रस्तेच्या रस्ते झाकून टाकतात. उत्सव दरवर्षी नसतो, गावाच्या मनात येईल तेव्हा होतो. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. गल्लीतले शेजारी महिनोन्महिने एकत्र बसून फुलं करतात. आपल्याकडे सोसायटीच्या मंडळाला हे सहज जमण्यासारखं आहे: कापायला दोघं, निऱ्या घालायला चौघं, आणि उलगडायला ज्यांच्या हातात सबुरी आहे ते.

फुलं भिंतीला चिकटवू नका. बांबूच्या चौकटीवर सुतळीची चार-चार इंचांची जाळी विणा आणि फुलांच्या लांब ठेवलेल्या दोऱ्यांनी ती जाळीला बांधा. बांबूच्या चटईलाही बांधता येतात. आधी मोठी फुलं, मग झेंडू, शेवटी पानं. गोव्यात गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे रानफळांनी आणि पानांनी सजवलेली चौकट, बांधतात. तिथे कागद आणू नये असं मला वाटतं. फुलं मागच्या भिंतीवरच ठेवावीत. आणि पूजेला, अर्थात, खरीच फुलं. कागदाची फक्त आरासीला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा कागद क्षणात पेटतो. समई, निरांजन, उदबत्ती यांच्यापासून फुलं सगळ्या बाजूंनी किमान तीन फूट दूर हवीत, आणि ज्योतीच्या बरोबर वर तर एकही फूल नको, कारण उष्णता वर जाते. आरतीच्या वेळी ताट ओवाळणारा हात किती वर जातो, ते आरास बांधण्याआधी एकदा रिकाम्या ताटाने करून बघा. कापराची ज्योत मोठी असते. पंख्याच्या वाऱ्याने सुटलेली पाकळी उडून समईवर जाऊ शकते, म्हणून दोरे घट्ट बांधा. माळ एलईडीचीच लावा, जुन्या बल्बची तापते.

दमट हवा आणि साठवण

पावसाळ्यात नॅपकिन पाकिटातच मऊ पडतो आणि निरी धरत नाही. तसं झालं तर दोन वर्तमानपत्रांच्या मधे ठेवून कोमट इस्त्री फिरवा, पुन्हा कडक होतो. शक्य असेल तर श्रावणातच फुलं करून ठेवा, पण फक्त बांधलेल्या पट्ट्यांच्या रूपात. पट्ट्या जागा कमी व्यापतात आणि दबत नाहीत. उलगडायचं काम चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत.

विसर्जनानंतर फुलं निर्माल्यात टाकू नका आणि पाण्यातही सोडू नका, रंग पाण्यात उतरतो. दोरे सोडून एकेक फूल उतरवा, मऊ ब्रशाने धूळ झटका आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात एकाच थरात ठेवा, वर काही दाबू नका. चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या कोपऱ्यात ठेवा. पुढच्या वर्षी दबलेल्या पाकळ्या हेअर ड्रायरच्या गार हवेवर धरून बोटांनी पुन्हा उभ्या करता येतात. खोक्यावर कागद चिकटवून रंग आणि संख्या लिहा: पांढरी २६, झेंडू ३१, जास्वंद ५. पुढच्या श्रावणात खोकं काढलं की नव्याने किती करायची ते लगेच कळतं.